मंडळाचा पाऊस, शिवाराचा पाऊस

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत आमच्या शिवारात असा पाऊस झाला की ओढ्याकाठचं सोयाबीन मुळासकट गेलं. पण मंडळाच्या ठिकाणच्या यंत्रात नोंद भरली ६५ मिलिमीटरच्या आत. म्हणजे कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. ते यंत्र आमच्यापासून अकरा किलोमीटर लांब. पलीकडच्या मंडळाचं यंत्र चार किलोमीटरवर आहे, तिथे ९० च्या वर नोंद आहे, पण ते आमचं मंडळ नाही. भूगोलाच्या शास्त्रात याला काही उत्तर आहे की नाही?
— एक शेतकरी, हिंगोली जिल्हा

उत्तर : उत्तर आहे. ते ऐकून तुमचा राग निवण्याऐवजी वाढेल, कारण तुमची अडचण शास्त्राला शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहे.

पाऊस सगळ्या रानावर पडतो, मोजला जातो मोजक्या ठिकाणी. त्या मोजक्या नोंदींवरून मधल्या मुलखाचा अंदाज कसा बांधायचा, या प्रश्नावर स्थलीय विश्लेषण ही भूगोलाची शाखा बरीचशी पोसली गेली. १९११ साली आल्फ्रेड थिसेन या अमेरिकी हवामानतज्ज्ञांनी एक सोपी रीत सुचवली. शेजारशेजारच्या दोन पर्जन्यमापकांच्या बरोबर मधून रेषा काढत जायचं. जी जागा ज्या मापकाला सर्वांत जवळ, तिला त्या मापकाचा पाऊस लावायचा. या रीतीने तुमच्या शिवाराला पलीकडच्या मंडळाचे नव्वद मिलिमीटर मिळाले असते. पण महसूल मंडळाची हद्द पावसासाठी आखलेलीच नाही. ती आखली गेली तलाठी सजे, सातबारा, फेरफार यांच्या सोयीने. ढगाला सजा कळत नाही.

थिसेनांची रीत तशी ढोबळच. मधल्या रेषेच्या अलीकडे एक आकडा, पलीकडे एकदम दुसरा. पुढची उडी आली ती सोन्याच्या खाणीतून. दक्षिण आफ्रिकेचे खाण अभियंता डॅनी क्रिग यांच्यापुढेही तुमच्यासारखाच पेच होता : जमिनीत भोकं पाडून थोडे नमुने मिळतात, त्यावरून मधल्या खडकात सोनं किती ते सांगायचं. त्यांनी १९५१ च्या सुमारास जी पद्धत वापरली, तिला फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी पुढच्या दशकात गणिती बैठक दिली. आज तिला क्रिगिंग म्हणतात. आसपासच्या सगळ्या नोंदी ती विचारात घेते, जवळच्यांना जास्त वजन देते, लांबच्यांना कमी. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही पद्धत आकड्यासोबत त्याची खात्रीही सांगते. म्हणजे नुसते ‘इथे ५८ मिलिमीटर’ म्हणून थांबत नाही. ‘५८, पण ४० ते ८० मध्ये कुठेही असू शकेल’ असं म्हणते. (हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत.) आता ज्या गावासाठी अंदाजाचा पट्टा इतका रुंद आहे, तिथे ६४ ला नाही आणि ६६ ला हो, असा उंबरठा बांधण्याला काय अर्थ उरतो?

या सगळ्या गणितामागे एक समजूत आहे. वॉल्डो टोबलर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञांनी १९७० साली ती मांडली : सगळ्याच गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण जवळच्यांचा लांबच्यांपेक्षा जास्त. भूगोलाचा पहिला नियम म्हणून तो आता पाठ्यपुस्तकांत गेला आहे. आषाढातली संततधार हा नियम पाळते. अख्खा तालुका एकसारखा भिजतो, एक यंत्र वीस गावांची साक्ष देऊ शकतं. वळवाचा किंवा परतीचा पाऊस तो मोडतो. बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका मंडळात पंधरा-वीस गावं असतात, कुठे त्याहूनही जास्त. महावेध प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, ही मोठी सुधारणा होती. त्याआधी हाल याहून वाईट होते. तरी मंडळात एकच यंत्र ठेवून वळवाच्या पावसाचा निवाडा करणं ही हिशेबाची सोय आहे. तिला शास्त्राचं नाव देऊ नये.

रेषा कुठे पडते यावर निकाल किती फिरतो, याचं एक नामांकित उदाहरण आहे. १९७९ साली स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी घेतल्या. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा विभाग. प्रश्न साधा होता : वृद्धांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मतं यांचा एकमेकांशी संबंध किती? त्यांनी शेजारच्या काउंटी निरनिराळ्या तऱ्हांनी जोडून मोठे विभाग पाडले आणि दर वेळी संबंध मोजला. सहसंबंधाचा आकडा उणे एकच्या जवळून अधिक एकच्या जवळपर्यंत हवा तिथे आणता येत होता. म्हणजे वृद्ध असले की त्या पक्षाला मतं नक्की मिळतात, आणि नक्की मिळत नाहीत, दोन्ही सिद्ध! माणसं तीच, मतं तीच. फक्त रेषा हलल्या. आपल्याकडे सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगितला जातो, तेव्हा मला हे आयोवा आठवतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोहोंच्या सरासरीइतका पाऊस पडणारं गाव शोधत फिरावं लागेल.

मग करायचं काय? अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे. २८ जुलै १९९७ च्या रात्री त्या शहराच्या पश्चिम भागावर प्रचंड पाऊस कोसळला, पाच माणसं गेली. पूर्वेला काही किलोमीटरवर त्याहून कितीतरी कमी पाऊस होता, आणि अधिकृत मापकांच्या विरळ जाळ्यातून ही तफावत वेळेवर कुणाच्या लक्षात आली नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतले हवामानतज्ज्ञ नोलन डोस्कन यांनी दुसऱ्याच वर्षी गावकऱ्यांना प्लॅस्टिकचे साधे, एकाच मापाचे पर्जन्यमापक घेऊन घरोघरी बसवायला लावलं. रोज सकाळी ठरल्या वेळी वाचायचं आणि कळवायचं. पाऊस नसेल तर शून्य कळवायचं, कारण शून्य हीसुद्धा नोंद आहे. त्या उपक्रमाचं जाळं पुढे देशभर पसरलं आणि तिथली राष्ट्रीय हवामान सेवा आज या घरगुती नोंदी वापरते. शेतकरी, शिक्षक, निवृत्त माणसं यांची नोंद ‘ऐकीव’ म्हणून बाजूला सारली जात नाही, कारण साधन सारखं आहे, रीत सारखी आहे आणि शेजारच्या दहा नोंदींशी ती ताडून पाहता येते.

आपल्याकडे हिवरे बाजारने गावातच पाऊस मोजून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली, हे तुम्ही ऐकलं असेल. तुमच्या ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून शिवारात तीन-चार मापक बसवले तर लगेच भरपाई मिळेल असं मी म्हणणार नाही. नियमात तुमच्या मापकाला आज जागा नाही. पण दोन-तीन वर्षांची अखंड नोंद हातात असेल तर तहसीलदारांपुढे, आमदारांपुढे बोलताना तुमचं पारडं जड होतं. नियम बदलतात. २०२३ साली राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानली, कारण ६५ चा आकडा न ओलांडताही दिवसचे दिवस पडून पिकं कुजवणारा पाऊस त्याआधी कागदावर दिसतच नव्हता. मापक बसवाल तेव्हा झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसवा आणि सकाळी साडेआठलाच वाचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठलाच बदलतो. वेळ चुकली तर तुमची नोंद कशाशीच जुळणार नाही.


प्रश्न : माझी मुलगी भूगोलात एम.ए. करते आहे. तिच्या तोंडी सतत जीआयएस, एआय आणि ‘समावेशन’. मी निवृत्त शिक्षक. उपग्रहाला आता अंगणातली तुळससुद्धा दिसते म्हणतात. मग भूगोलाच्या अभ्यासकांना करायला उरलं काय? आणि हे समावेशन चर्चासत्राच्या पत्रिकेवर छापायचा शब्द आहे की खरंच काही आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बाजारात मिळणाऱ्या उपग्रहचित्रांतल्या उत्तम चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या साधारण ३० सेंटिमीटरचा असतो. तुळस नाही, वृंदावन दिसेल कदाचित. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांना एकच उदाहरण पुरेल, आणि ते तुमच्याच जिल्ह्यात दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे येऊन उतरतं.

बीड, पाथर्डी, जालना, परभणी या भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कारखान्याच्या आसपास माळावर कोप्या पडतात, पाचटाच्या नाही तर ताडपत्रीच्या. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम. आता जनगणना पाहा. २०११ ची लोकसंख्या मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. नियम असा की जो माणूस त्या पूर्ण काळात आपल्या नेहमीच्या घरी नसेल, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. वाचायला नियम ठीक आहे. पण बीडच्या वाडीवर घराला कुलूप, म्हणून तिथे नोंद नाही. आणि इथे फडाकडेची कोपी प्रगणकाच्या नकाशावर नाही. ती सुटली तर ते कुटुंब दोन्हीकडून गेलं. आणि सुटली नाही तरी माणूस मोजला जातो सातारा जिल्ह्यात, त्याला शाळा, रेशन, दवाखाना लागतो वर्षाचे सहा-सात महिने बीडला. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे गणना पुन्हा फेब्रुवारीत, भर गाळपात. या वेळी मोजणी डिजिटल असेल, इमारतींचं स्थान उपकरणावर नोंदलं जाईल. उत्तमच. पण मुक्काम हलवणाऱ्याचं अचूक स्थान नोंदवून त्याचा पत्ता मिळत नाही. मिळतो तो त्याचा एक दिवस.

आता यावर अभ्यासाचा प्रश्न बसवू. ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण फार असल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. समजा तुमच्या मुलीने नकाशा काढला आणि या स्त्रियांच्या राहत्या गावांवर ठिपके टाकले. बीड जिल्हा गडद होईल. मग ती कारणं कुठे शोधणार? बीडच्या पाण्यात, बीडच्या दवाखान्यांत. दवाखाने तपासायलाच हवेत. पण फडातली पहाट, मोळ्यांचं वजन, न्हाणीघर नाही, पाळीत सुट्टी नाही, खाडा पडला की दंड, हे सगळं तीनशे किलोमीटर लांब घडतं. नकाशावरच्या ठिपक्याला त्याची वार्ता नसते. त्यात हिशेबाची पद्धत अशी की नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईचं काम स्वतंत्र ओळीत येतच नाही. या दुखण्याचा गठ्ठा कुठल्या एका ठिकाणी नाही, तो एका वाटेवर पसरलेला आहे.

मेइ-पो क्वान या भूगोलतज्ज्ञ बाईंनी २०१२ मध्ये नेमकी हीच अडचण शास्त्रापुढे ठेवली : माणसावर भोवतालचा परिणाम मोजताना आपण त्याच्या घराचा पत्ता धरतो, पण त्याचा खरा भोवताल कोणता आणि किती वेळ, हे आपल्याला ठाऊक नसतं. त्याआधी त्यांनी अमेरिकेत कोलंबस शहरातल्या स्त्री-पुरुषांच्या दिवसाचा माग काढला होता. स्त्रियांचा दिवस ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचण्याच्या कामांनी जास्त बांधलेला निघाला. मूळ कल्पना स्वीडनच्या टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांची, १९७० ची. माणसाला नकाशावरचा ठिपका न मानता काळातून सरकणारी रेषा माना, असं त्यांचं म्हणणं होतं. कित्येक वर्षं ही कल्पना जवळजवळ पुस्तकात पडून राहिली, कारण तेवढी माहितीच गोळा करता येत नव्हती. आता येते. माझ्या मते या शाखेची पुढची खरी दिशा हीच आहे. अधिक बारीक चित्रं हा त्या मानाने दुय्यम भाग.

एआयचं म्हणाल, तर त्याची करामत खरी आहे. गूगलने २०२१ मध्ये आफ्रिका खंडातल्या पन्नास कोटींवर इमारतींचे आकार उपग्रहचित्रांतून संगणकाकरवी ओळखून खुले केले. पुढे त्यात दक्षिण आशियाही आला. पण यंत्र शिकतं ते दाखवलेल्या नमुन्यांवरून. पक्क्या छपरांवर शिकलेल्या यंत्राला पाचटाची कोपी ओळखू यावी कशी? शिवाय चित्र जूनमधलं असेल तर तिथे कोपीच नसते. याहून आत एक मेख आहे. यंत्राची परीक्षा घेताना नमुने सरमिसळ करून काही शिकवायला, काही तपासायला ठेवतात. पण टोबलरांचा नियम इथेही लागू पडतो. तपासणीचा ठिपका शिकवणीच्या ठिपक्याला खेटून असेल तर तो आधीच जवळपास ठाऊक असतो. तुम्ही शिक्षक, तुम्हाला लगेच कळेल : सराव प्रश्नसंचातलीच गणितं आकडे किंचित बदलून परीक्षेत घातली, की वर्ग हुशार दिसतो. यंत्राला नव्वद टक्के गुण पडतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात नेलं की ते गांगरतं. म्हणून आता जाणते अभ्यासक अख्खा तालुका किंवा जिल्हा शिकवणीतून बाजूला ठेवतात आणि तिथेच परीक्षा घेतात. गुण घसरतात, पण खरे असतात. मुलीला विचारा, तिच्या प्रकल्पात कोणती परीक्षा घेतली.

आता समावेशन. टोबलरांनी तो प्रसिद्ध नियम ज्या लेखात सांगितला, तो डेट्रॉइट परिसराची वाढ दाखवणाऱ्या संगणकीय चित्रपटाबद्दल होता. त्याच वर्षांत त्याच शहरात ग्वेंडोलिन वॉरेन ही कृष्णवर्णीय तरुणी आणि विल्यम बंगी हे भूगोलतज्ज्ञ वस्तीतल्या लोकांना घेऊन वेगळेच नकाशे काढत होते. बंगी गणिती भूगोलाच्या आद्य ग्रंथकारांपैकी. ‘थिऑरेटिकल जिऑग्रफी’ त्यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलेलं. वॉरेन यांच्या लोकांनी विचारलेला प्रश्न विद्यापीठात कुणालाच सुचला नव्हता : श्रीमंत उपनगरांतून शहराकडे जाणाऱ्या गाड्यांखाली आमची मुलं नेमकी कुठे चिरडली जातात? पोलिसांकडून ती माहिती मिळवायला खटपट करावी लागली. नकाशा झाला, आणि अपघात त्या येण्याजाण्याच्या मार्गावर ओळीने उभे राहिले. टोबलरांच्या चित्रपटातही तेच शहर होतं आणि गणित चोख होतं. पण त्यात लोकसंख्या होती, मुलं नव्हती.

म्हणून तुमच्या शंकेला माझं उत्तर असं, की समावेशन हा अचूकतेचा भाग आहे. कोण प्रश्न विचारतं यावर काय मोजलं जाईल ते ठरतं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला जगाचा खुला नकाशा. त्यात भर घालणाऱ्यांत पुरुषांची संख्या फार मोठी. २०११ च्या सुमारास तिथे पाळणाघरासाठी स्वतंत्र खूण असावी असा प्रस्ताव आला तर तो मतदानात पडला. दारूच्या गुत्त्यांचे प्रकार मात्र बारकाव्यानिशी नोंदायची सोय होती. पाळणाघराची खूण पुढे रूढ झाली. कुणी दुष्टपणा केला नव्हता. त्यांना ती लागतच नव्हती, एवढंच.


प्रश्न : तुम्ही सगळे ‘नकाशावर या’ म्हणता. आमच्या वस्तीत मोजणीची माणसं आली की पाठोपाठ पाडापाडीची चर्चा सुरू होते. नकाशावर न आलेलंच बरं नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कधीकधी, हो. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन अंमलाखालच्या ॲम्स्टरडॅम महापालिकेच्या सांख्यिकी कार्यालयाने शहराचा एक सुबक नकाशा तयार केला. त्यावरचा प्रत्येक काळा ठिपका म्हणजे दहा ज्यू. नकाशा अतिशय अचूक होता. त्यात कुणी सुटलं नव्हतं, हाच त्याचा घात. त्यामुळे ‘जितकी माहिती तितकं भलं’ असं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब असतो. आपले वनस्पतिशास्त्रज्ञसुद्धा सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांचा नेमका ठावठिकाणा छापायचं टाळतात, ते उगाच नाही.

पण न मोजलेल्या वस्तीचीही किंमत मोजावी लागते, आणि ती वस्तीच मोजते. २०११ च्या जनगणनेत झोपडपट्टी म्हणून नोंद व्हायला साठ-सत्तर तरी घरं लागत. चाळीस घरांची वस्ती नाल्याकाठी कितीही हालात असो, आकडेवारीत ती झोपडपट्टी नाही. नैरोबीच्या किबेराबद्दल वर्षानुवर्षं ‘दहा लाख लोक’ असं सांगितलं जात होतं. २००९ च्या केनियाच्या जनगणनेत आकडा निघाला १,७०,०७०. कुणाचं खरं यावर वाद झाले. पण त्याच वर्षी तिथल्या पोरांनी हातात जीपीएस घेऊन पाण्याचे नळ, संडास, दवाखाने एकेक करत नोंदले, त्याआधी इंटरनेटवरच्या नकाशांत ती जागा जवळजवळ कोरी होती. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था नव्वदच्या दशकापासून वस्त्यांचे नकाशे घरटी माहितीसह, वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन करते. त्यातून कळतं की सांडपाण्याची मुख्य नळी कोणत्या घरापासून किती फुटांवर आहे, आणि म्हणून घरात संडास कुठे लगेच बांधता येईल.

तेव्हा तुमच्या वस्तीत पुढच्या वेळी कुणी मोजायला आलं तर आधी विचारा : ही माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, तिची प्रत आम्हाला मिळणार का, आणि चूक निघाली तर दुरुस्त कोण करणार. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, तो आपल्या रानाच्या हद्दी स्वतः दाखवून. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली एक शहाणं कलमही घातलं गेलं : उपग्रहचित्र पुराव्याला पूरक धरावं, इतर पुराव्यांच्या जागी नव्हे. म्हणजे झाडाखालचं शेत चित्रात दिसलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं म्हणता येत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब तितकाच पुरावा आहे. शहरातल्या वस्त्यांसाठी असं कलम कुठे आहे, ते मात्र मला सापडलेलं नाही.


प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयात भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महागडं सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही, इंग्रजी कच्चं आहे. हे स्थलीय विश्लेषण मला जमेल का?

उत्तर : जमेल. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर २००२ पासून स्वयंसेवक घडवत आहेत. ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. फक्त फार जड उपग्रहचित्रं एकदम उघडू नकोस. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि स्थानविषयक माहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले, त्यामुळे तुझ्या प्राध्यापकांना विद्यार्थिदशेत ज्यासाठी परवानग्या काढाव्या लागल्या असतील, त्यातलं पुष्कळसं तुला बसल्या जागी मिळेल.

सॉफ्टवेअरपेक्षा संख्याशास्त्राकडे आधी लक्ष दे. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे हाताने सोडवता आले पाहिजेत. बटण दाबून रंगीत नकाशा कुणालाही काढता येतो; रंगांच्या पायऱ्या कुठे तोडल्या आणि का, हे सांगणारे थोडे.

इंग्रजीचं ओझं वाटतं, ते खरं आहे, पण तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी बंगळुरूत बसलेल्या अभियंत्याकडे नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर सातपुड्यातल्या आपल्या भागाचा नकाशा उघड. पाडे कोरे असतील, नावं चुकीची असतील, एका गावाच्या नावाखाली चार पाडे दडलेले असतील. तिथे प्रत्येक ठिकाणाचं मराठी नाव स्वतंत्रपणे लिहायची सोय आहे, तशी इतर भाषांचीही. भिली, पावरी बोलणाऱ्या घरांत त्या पाड्याला काय म्हणतात ते विचार, तेही नोंदव. कोणत्या पाड्याला पावसाळ्यात ओढा ओलांडल्याशिवाय दवाखान्यात जाता येत नाही, ते विचारून ठेव. सरळ रेषेत तीन किलोमीटर असलेलं आरोग्य उपकेंद्र जुलैत प्रत्यक्षात किती लांब पडतं, हा दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला पुरून उरणारा विषय आहे. एप्रिलमध्ये पायी फिरून वाटा नोंद, आणि तीच फेरी ऑगस्टमध्ये परत कर.